राखून ठेवलेली दाढ

माझ्या भाचीइतक्या आनंदाने घाबरणारा माणूस वसई-विरारमध्ये दुसरा नसेल. मी हिशेबी माणूस, वाढवून सांगत नाही. दंतवैद्यकीचं शिकणारी बाकीची मुलं परीक्षा आली की सुकतात, जेवण टाकतात. ही दुप्पट जेवते आणि तिप्पट हसते. तिचं कॉलेज जवळ पडतं म्हणून ती एव्हरशाईन सिटीत आमच्याकडे राहते, आणि ती राहायला आल्यापासून आमच्या न्हाणीघरात साबणाची वडी कधी वडीसारखी राहिलेली नाही. ताण आला की ती साबणातून दाढ कोरते. आम्ही दाढेनेच अंघोळ करतो. भुईगावला एका लग्नात नवऱ्याच्या मित्रांना ती एकापाठोपाठ एक विनोद सांगत होती. मला वाटलं, पोरगी रमली. घरी येताना म्हणाली, "मामा, सगळे पोट धरून हसले रे, पण एकाचीही दाढ किडलेली नाही."

कारण परीक्षेला पेशंट विद्यार्थ्यानेच शोधून न्यायचा असतो, तोही हवा तसा किडलेला. तो मिळाला नाही तर वर्ष वाया. अशात एकदा जिलबी खाताना मला कळ आली. तिने मला खिडकीपाशी नेऊन तोंडात टॉर्च मारला आणि नाचायलाच लागली.

"अहो, माणिकपूरला जाऊन भरून या ती दाढ," बायको म्हणाली.

"मामी, परीक्षेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. आणि मामा, तुझी चिक्की बंद. दाढ तुटली तर माझं वर्ष गेलं."

"आणि मामाची दाढ गेली तर?"

"त्याला अजून आहेत की."

परीक्षेला जाताना ती रिक्षात इतकी हसत होती की रिक्षावाल्याने मला हळूच विचारलं, "काका, ताईंची तब्येत बरी आहे ना?" मलाही खात्री नव्हती. मी खुर्चीत आडवा झालो. तिने मास्क चढवला आणि तिचं हसू थांबलं. हात जराही हलत नव्हता. ही पास होणार, हे मला तिथेच कळलं.

"दुखलं तर डावा हात वर करा," ती म्हणाली. "तुम्ही बोलू नका."

जन्मात पहिल्यांदा ती मला 'तुम्ही' म्हणाली होती. हात वर करावासा वाटला. दुखत मात्र काहीच नव्हतं.