येळवशीची मोजणी

"अरे, अर्ध्या तासात सहा गाड्या! हा चौक आहे की माळरान?"

"कागदावर तारीख आजची आहे. दिसतं ते लिही."

"उद्या परत मोजू ना."

"उद्याच्या मुक्कामाचं भाडं तुझा बाप देणार? मोजायला पाठवलंय आपल्याला, डोकं चालवायला नाही."

मोंढ्याच्या रस्त्याच्या तोंडाशी दोन परगावची माणसं हातात कागद लावलेल्या फळ्या धरून अशी भांडत होती, ते साखराबाईनं चार वर्षांमागं जाताजाता ऐकलं. तिला हसूच आलं. येळवशीला लातुरात गाड्या मोजायच्या! येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी अख्खं गाव शेतात. तिथंच पूजा, तिथंच भज्जी आणि आंबील. मोंढ्यातला धान्यबाजार बंद, क्लास बंद, कुत्रंसुद्धा धन्यामागं रानात गेलेलं. साखराबाई तेवढी रस्त्यावर, कारण वसतिगृहातल्या सात पोरी अभ्यासाला मागं राहिल्या होत्या. ती काही न बोलता हातगाडा ढकलत पुढं गेली. ते न बोलणं तिला पुढं फार लागलं.

उमाबाईच्या खानावळीतले साठ डबे चौकापलीकडच्या मुलींच्या वसतिगृहात पोचवायचे, हे तिचं अकरा वर्षांचं काम. पोरींना जेवायची सुट्टी साडेबारा ते एक. डबा कधी थंड गेला नाही, याचा तिला कोण डौल!

मग यंदा चौकात नवा सिग्नल बसला. मोंढ्याच्या रस्त्याला हिरवा दिवा अठरा सेकंद. तेवढ्यात दहा वाहनं सुटायची, आणि पुढचा हिरवा लागेस्तोवर मागं चौदा येऊन उभी. सोयाबीनचे टेम्पो, ऑटो, पोरापोरींच्या स्कूटी, आणि मधोमध साखराबाई. डबे एकला जायला लागले, मग सव्वाला. पोरी उपाशीच वर्गात जाऊन बसायच्या.

"अक्का, वसतिगृहवाल्या दुसरी खानावळ बघायल्यात," उमाबाई म्हणाली. "जरा लवकर निघा की."

"तुमची भाकरी बाराला उतरती. मी काय पीठ घेऊन जाऊ?"

साखराबाई तडक रस्त्यांच्या कचेरीत गेली. दोन वर्षांमागं बदलून आलेल्या तिथल्या तरुण साहेबानं तिला पडदाच दाखवला. "मावशी, हे मॉडेल. गणितानं केलंय." पडद्यावर रंगीत चौकोन मुकाट्यानं सरकत होते. दिवा हिरवा झाला की रांग साफ.

"साहेब, तवा एक. दहा भाकरी उतरायल्यात आन पंगतीला चौदा बसायलेत. पहिल्या खेपेला चार उपाशी, दुसरीला आठ, तिसरीला बारा. ते उपाशी ह्यात कुठं हायत?"

"चौदा येतच नाहीत. मोजणीत एका दिव्याला एखादंच वाहन आहे."

"मोजणी कवाची?"

साहेबानं तारीख वाचली. साखराबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"ती येळवस होती!"

"येळवस म्हणजे?"

"दोन वर्सं लातूरचं पाणी पिऊन तुमाला कुणी शेतात न्हेलं न्हाई?" एवढ्या रागातही तिला त्याची कीव आली. "आवो, ओसाड गावाचं माप घेऊन भरल्या गावाला अंगरखा शिवलाव की तुम्ही!"

साहेब खजील झाला. पण फेरमोजणीला मंजुरी लागते म्हणाला. साखराबाईनं अर्जावर सही केली, अक्षरं एकेक करत. मग पाच महिने दर सोमवारी ती कचेरीत. दर सोमवारी एकच उत्तर, अर्ज रांगेत आहे.

"तितंबी अठरा सेकंदाचाच दिवा हाय का?" ती विचारायची.

शेवटी उमाबाईनं मान खाली घालून सांगितलं, "अक्का, एक तारखेपासून डबे मोटारसायकलवाले न्हेतील. ते गाड्यांमधून निसटतात. माझा इलाज न्हाई."

महिन्याच्या शेवटच्या दिवशीही साखराबाईनं साठ डबे मोजून गाड्यावर लावले, वर गोधडी घातली. चौकात पाहते तर दोन माणसं फळ्या धरून उभी. फेरमोजणी! तिनं गाडा थेट त्यांच्यापुढंच नेला.

"माझा गाडा लिवला का?"

"हातगाड्याला रकाना नाही, आजी. 'इतर'मध्ये धरतो."

"इतर? अकरा वर्सं रोज ह्याच रस्त्यानं, आन मी इतर? रकाना पाड!"

मागचा टेम्पोवाला कोकलला, "मावशे, सरक की!"

"थांब रे, मोजणी चाललीय!"

त्या माणसानं निमूट रेघ ओढली, वर 'हातगाडा' लिहिलं, खाली एक खूण केली. "उद्याही मोजायचंय आजी, परवाही."

"उद्या मी न्हाई," या वेळी साखराबाईनं सांगून टाकलं. "आज हाय, तेवढी नीट लिव."

तोवर दिवा पुन्हा लाल झाला होता. तिनं गोधडीखाली हात घालून डबे ऊन आहेत ते पाहिलं, पदर खोचला. हिरवा लागताच निघाली. एक वाजून दहा मिनिटांनी साठ डबे फाटकात उतरले, आणि ती रोजच्यासारखी कालचे रिकामे डबे मोजायला खाली बसली.