पासष्ट फुटांच्या पुढे

“फुकट काम करायलाही परवाना लागतो, मग माणसांना छळायला का लागत नाही?”

ऑर्ला हौगेन हे एकदा काउंटीच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या मुलीला म्हणाली. मुलगी हसली. ऑर्ला उत्तराची वाट पाहत उभी राहिली.

ऑर्ला रागीट होती असं आता सगळे म्हणतात. जणू राग म्हणजे सांधेदुखीसारखं एक दुखणं, आणि ते तिलाच जडलं होतं. डाकोटाच्या या माळावर राग यावा असं पुष्कळ आहे. आम्ही बाकीचे तो गिळतो आणि त्याला सभ्यपणा म्हणतो. ऑर्ला गिळत नसे, एवढंच.

ती आयुष्यभर शाळेची बस चालवत आली. तिच्या बसमधून गेला नाही असा माणूस टॉर्नेस काउंटीत शोधावा लागेल. नवरा क्नूट वारला तेव्हा त्यानं स्वतः जोडलेला लांबलचक ट्रेलर मागे राहिला. दोन मोडक्या गवताच्या गाड्यांचा एक केलेला, कुरूप आणि मजबूत. ऑर्लानं तो पिकअपला जोडला आणि लोकांचं सामान वाहू लागली. चर्चचा ऑर्गन, मेलेल्यांची कपाटं, सोडून गेलेल्या बायकांचे पलंग. पैसे कोणी काढले तर म्हणायची, “ठेव खिशात, नाहीतर तुझ्यासकट परत नेईन.”

पिकअप आणि ट्रेलर मिळून पासष्ट फुटांच्या पुढे जात. त्यासाठी दरवर्षी परवाना लागे. गाडी घरगुती कामाची, धंद्याची नाही, असं लिहून द्यायचं, मागच्या टोकाला लाल कापड बांधायचं, की झालं. बरीच वर्षं तसंच चाललं.

मग त्या ऑगस्टमध्ये माळ पेटला आणि आर्विड ट्वाइटचा गोठा जळाला. आर्विड ऐंशीचा. त्याच्या गाई ऐन थंडीत वितात. छपराच्या लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, शेजारच्या काउंटीतल्या लाकडाच्या गिरणीत तयार होत्या, एकेक अखंड आणि अजस्र. मालवाहतूकवाले म्हणाले, नाताळनंतर बघू. नाताळनंतर इथे वासरू जमिनीवर पडायच्या आत गोठतं. ऑर्ला म्हणाली, “गुरुवारी आणते.”

परवाना सप्टेंबरात संपला होता. आणि या खेपेला कोणीतरी तक्रार केली होती की ही बाई घरगुतीच्या नावाखाली धंदा करते. जो मालवाहतूकवाला यायला तयार नव्हता, त्याच्याच पोटात दुखलं. म्हणून गुरुवारी सकाळी सुनावणी लागली.

कचेरीच्या तळघरात आम्ही पंधरावीस जण जमलो. बायकांनी कॉफी आणि खजुराच्या वड्या आणल्या होत्या, कारण खाणं नसेल तर आमच्याकडे कोणी फाशीलासुद्धा जात नाही. बाहेर गाडी उभी होती, तोंड गिरणीच्या रस्त्याकडे करून. एवढी लांब गाडी गावात वळवता येत नाही.

टेबलामागे कर्टिस ब्रँडवोल्ड बसला होता. आमच्या गावातल्या ग्लॅडिसचा धाकटा मुलगा, आता काउंटीचे परवाने देणारा.

“मिसेस हौगेन, गाडीची लांबी...”

“सकाळी मोजलीस ना? दोनदा. दुसऱ्यांदा वाढली का?”

“तसा नियम आहे.”

“बसमध्ये पुढच्या सीटवर बसायचास, ओकारी यायची म्हणून. तेव्हा नाही विचारलास बसच्या लांबीचा नियम.”

मागे कोणीतरी फसकन हसलं. कर्टिसचे कान लाल झाले. तो वाईट माणूस नाही, आणि माझी चीड तिथेच सुरू होते. वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात.

“लाल कापड आणलंय का?”

ऑर्लानं पिशवीतून ते काढून त्याच्यासमोर पसरलं. जाड लोकरीचं, कडेनं नीट शिवलेलं.

“क्नूटच्या आतल्या विजारीचं आहे. मैलावरून दिसतं. मला चाळीस वर्षं हातभरावरून बघावं लागलं.”

आता कर्टिसही हसला. त्यानं कागदावर खुणा केल्या. एकच प्रश्न उरला होता.

“या गाडीनं केलेल्या कामाबद्दल कुणाकडून पैसे, किंवा पैशांऐवजी दुसरं काही घेतलंत?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“बहिरा झालास का? नाही.”

कर्टिसचं पेन कागदाला टेकलं. आणि आर्विड उभा राहिला.

आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं कोणी रिकामं परत देत नाही. कामाला आलेली गाडी कोणी रिकाम्या टाकीनं परत पाठवत नाही. हे कुणी शिकवत नाही, नाक पुसायला शिकावं तितक्या लहानपणी ते अंगात येतं. आणि आता चारचौघांत, सरकारी कागदावर, आर्विड ट्वाइटनं काहीच दिलं नाही असं लिहिलं जात होतं.

“काहीच नाही म्हणजे?” तो म्हणाला. “उन्हाळ्यात तिनं माझ्याकडे गवत आणलं, तेव्हा टाकी भरून दिली मी. काठोकाठ.”

“आर्विड, खाली बस,” ऑर्ला म्हणाली.

“माझ्या मॅग्नहिल्डनं डुकराची अख्खी मांडी दिली, खारवलेली.”

“आर्विड.”

“का बसू? आम्ही फुकटे आहोत असं लिहून ठेवणार का हा पोरगा?”

कर्टिसनं पेन उचललं. डिझेल म्हणजे मोबदला. मोबदला म्हणजे धंदा. धंद्याला वेगळा परवाना, वेगळा विमा, डॉक्टरचा दाखला, आणि हे सगळं जमेपर्यंत बर्फ खिडकीला टेकणार. तो हे शांतपणे सांगत होता आणि मला ती शांतता असह्य होत होती. माणसाच्या अब्रूला कागदावर कप्पा नाही. तिथे फक्त मजुरी आहे.

“मिस्टर ट्वाइट,” कर्टिस हळूच म्हणाला, “आधीचं काही उसनं असेल तुमच्यावर. तेच फेडलं असेल. जरा आठवून बघा.”

खोटं त्यानं अगदी चमच्यात घेऊन तोंडाशी धरलं होतं. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या बायकासुद्धा मनात म्हणत होत्या, गिळ रे बाबा.

“माझ्यावर कधी कुणाचं उसनं नव्हतं,” आर्विड म्हणाला. “भरली मी टाकी. कैच्या आणल्या की परत भरीन.”

स्वतःच्या गोठ्याचं छप्पर त्यानं असं ताठ मानेनं स्वतःच उडवलं, आणि खाली बसताना त्याला ते कळलंही नव्हतं. मग हळूहळू कळलं. ते बघायला नको होतं.

कर्टिस ऑर्लाकडे वळला. “तुम्हाला माहीत होतं का, मिसेस हौगेन? टाकी भरल्याचं? तुमच्या गाडीचा डिझेलचा काटा बंद आहे म्हणे.”

काटा बंद होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. आणि मग आर्विड खोटारडा ठरला असता, किंवा ज्याचं देणं कुणाला कळतही नाही असा म्हातारा.

ऑर्लानं आर्विडकडे पाहिलं. आगीत जळालेल्या त्याच्या भुवया अजून उगवल्या नव्हत्या. तो आपल्या हातातल्या टोपीकडे बघत होता.



ती उठली. सही न झालेला परवान्याचा कागद तिनं टेबलावर होता तिथेच राहू दिला. शेजारी पसरलेलं लाल कापड उचललं, झटकलं, हाताला गुंडाळून घेतलं, आणि किल्ल्या घेऊन तळघराच्या पायऱ्या चढून गाडीकडे गेली.