साहेब नसताना टाकलेला स्लॅब

कुणाच्याही घरी गेलं की पप्पा आधी भिंतीवर टकटक करायचे. यजमान "या, या" म्हणत असायचे आणि हे चपला काढता काढता बोटाच्या पेरानं भिंत वाजवून कान देऊन उभे. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा चिंचवडच्या एका स्थळाकडे आम्ही घर बघायला गेलो होतो. मुलगा चांगला होता, मला आवडलाही होता. पोहे यायच्या आत पप्पा गॅलरीत चक्कर मारून आले आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "इथं चारपेक्षा जास्त माणसं उभी करू नका. मुळाशी चीर आहे." स्थळ तिथेच मोडलं. परतताना मी रिक्षात रडत होते आणि ते मला समजावत होते, "अगं, पण त्या गॅलरीत मी तुला कसा पाठवू?" हा किस्सा सांगितला की लोक पोट धरून हसतात. मला अजून हसू येत नाही.

पप्पा सिव्हिल इंजिनीअर होते. चाकणच्या पट्ट्यात कारखान्यांच्या शेड आणि फरश्या उभ्या करण्यात त्यांची तीस-बत्तीस वर्षं गेली. साइटवर त्यांना सगळे 'पाणीवाले साहेब' म्हणायचे. काँक्रीट टाकल्यावर त्याला रोज पाणी द्यावं लागतं, नाहीतर वरून दगडासारखं दिसतं आणि आतून कच्चं राहतं. बाकीचे आठवडाभर पाणी मारून मोकळे व्हायचे. पप्पा एकवीस दिवसांच्या खाली येत नसत. "काँक्रीट वाळत नसतं, पिकत असतं," हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. दिवाळीच्या पाडव्याच्या सकाळीसुद्धा त्यांना काँक्रीटवर अंथरलेली गोणपाटं ओली आहेत का ते बघायचं असायचं. पण एकटे जायचे नाहीत, आम्हालाही घेऊन जायचे. दोन-तीन पाडवे तरी आईनं त्यांना अर्धवट बांधलेल्या शेडमध्ये, पायाखाली चिखल आणि हातात ताट अशा अवस्थेत ओवाळलंय. आमच्या शेजारच्या बायका त्या दिवशी नव्या साडीत फोटो काढायच्या.

घर म्हणजे त्यांचा जीव होता, हे मी नाकारत नाही. मोशीला कितीही ट्रॅफिक असो, रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र. साडेनऊ वाजले तरी आम्ही भुकेनं कळवळत त्यांची वाट बघायचो, कारण त्यांनी फोन करून बजावलेलं असायचं, "आलोच, थांबा." लग्नानंतर मी मारुंजीला राहायला गेले, तरी रोज ऑफिसातून घरी पोचले की त्यांचा फोन यायचा. "पोचलीस?" मी "हो" म्हटलं की ठेवून द्यायचे. मीटिंगमध्ये असले आणि उचलला नाही, तर नवऱ्याला फोन, मग सासूबाईंना. एकदा तर सोसायटीच्या वॉचमनला. मी चिडून म्हटलं, "पप्पा, मी बत्तीस वर्षांची आहे." ते म्हणाले, "बरं. पण पोचलीस ना?"

आणि घरावर एवढा जीव असलेला माणूस, रोज दुसऱ्यांसाठी बांधणारा, स्वतः रहाटणीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. एक-दोन नाही, सव्वीस वर्षं. दर रविवारी आम्ही फ्लॅट बघायला जायचो. आई आत शिरल्या शिरल्या देव्हारा कुठे आणि कपाट कुठे ते ठरवून टाकायची. पप्पा कॉलमशी उभे राहायचे. पिंपळे सौदागरला एक फ्लॅट आईच्या फार मनात भरला होता. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी होती. पप्पांनी बिल्डरच्या माणसाकडे काँक्रीटच्या चाचण्यांचं रजिस्टर मागितलं. तो बिचारा म्हणाला, "सर, आधी सँपल फ्लॅट तर बघा, एसी लावलाय." झालं, तोही फ्लॅट गेला. जिन्यात आई थांबली आणि म्हणाली, "अहो, मला काय त्या कॉलममध्ये झोपायचंय? मला घरात झोपायचंय." पप्पा पुढच्या रविवारी दुसरा फ्लॅट बघायला घेऊन गेले.

शेवटी चऱ्होलीत त्यांनी एक छोटा प्लॉट घेतला आणि स्वतःच बांधायला काढलं. सोबत नामदेव मिस्त्री होते. हे मूळचे बीडकडचे, बावीस वर्षं पप्पांच्या हाताखाली काम केलेले. सकाळ-संध्याकाळ पाण्याची पाइप चालू. शेजारच्या वावरातले म्हातारे आबा बांधावरून विचारायचे, "काय वो सायेब, घर बांधताय का ऊस लावलाय? न्हाई म्हंजी, पानी लई लागतंय." आई तेव्हा फार खूश होती. मला सातवा महिना होता आणि तिनं जाहीर करून टाकलं होतं, की बाळाचं बारसं नव्या घरात. तिनं पडदे शिवायला टाकले होते. घराला अजून छत नव्हतं.

स्लॅब टाकायच्या दिवशीच, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधी, माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. पप्पा सगळं सोडून वाकडच्या दवाखान्यात आले. फोन बंद करून आईच्या पर्समध्ये टाकला आणि बाहेरच्या बाकावर नऊ तास बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक स्लॅब सोडला होता, तोही स्वतःचा. मुलगी झाली. तिला हातात घेऊन ते इतके रडले, की नर्सनं त्यांना पाणी आणून दिलं.

तिकडे काँक्रीटची गाडी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती. पोचली तेव्हा माल घट्ट झालेला. साहेबांचा फोन लागत नव्हता. नामदेव मिस्त्रींनी गाडीसोबत आलेल्या प्लांटच्या माणसाकडून केमिकल टाकून घेतलं, माल सैल झाल्याची खात्री केली आणि स्लॅब टाकला. नियमाप्रमाणे चाचणीसाठी त्याच मालाचे ठोकळे भरले आणि लॅबला पाठवले. दुसऱ्या दिवशी पप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी घातलंत ना मालात?" असा माल सैल करायला बहुतेक लोक वरून पाणी ओततात आणि त्यानं काँक्रीटची ताकदच जाते. नामदेव म्हणाले, "लेकराची आन घेतो साहेब, पान्याचा थेंब नाही घातला." पप्पांनी मान हलवली. चौथ्या दिवशी त्यांनी ब्रेकर मागवला आणि स्लॅब फोडून टाकला.

आई त्यांच्या पाया पडायची बाकी होती. "अहो, महिन्याभरात ठोकळ्यांचा रिपोर्ट येईल, तोपर्यंत तरी थांबा. सगळ्या जगाला थांबायला सांगता ना?" मी बाळंतिणीच्या खाटेवरून फोनवर भांडले. त्यांचं एकच उत्तर. "मी तिथं नव्हतो. जो स्लॅब मी बघितला नाही, त्याच्याखाली तुम्हाला झोपवू?" मला इतका संताप आला की मी फोन कापला. ते माझ्यासाठी दवाखान्यात बसले होते, हे मला कळत होतं, आणि म्हणून जास्तच संताप येत होता. ह्या माणसाचं प्रेम म्हणजे तुम्हाला कुठे पळायलाही जागा ठेवायची नाही.

आईनं बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पण शब्द नाही. पप्पा रोज संध्याकाळी तिच्यासाठी गजरा आणायचे. ती तो फ्रिजवर ठेवून द्यायची. असे अठरा गजरे झाले. एकोणिसाव्या दिवशी सकाळी, दाढी करता करता, पप्पा कोसळले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं पक्की केलेला माणूस भाड्याच्या घरातून निघाला. बायको त्यांच्याशी अठरा दिवस एक शब्दही बोललेली नव्हती.

पप्पा गेल्यावर चौदाव्या दिवशी नामदेव मिस्त्री पाकीट घेऊन रहाटणीला आले. लॅबच्या कागदावर त्यांचं नाव होतं, म्हणून रिपोर्ट त्यांच्याकडे आला होता. "ताई, इंग्रजीत हाय. काय लिहिलंय बघा की." मी बघितलं. हवी होती त्यापेक्षा चांगलीच जास्त ताकद भरली होती. स्लॅब उत्तम होता. मी वाचून दाखवल्यावर नामदेव तिथेच जमिनीवर बसले. "म्या साहेबाला सांगत होतो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. साहेबांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना खोटं ठरवलं होतं आणि आता खरं काय ते सांगायलाही साहेब नव्हते.

आईला सांगावं की नाही, मला कळेना. नापास झाला म्हणावं, तर पप्पा बरोबर ठरणार आणि ती अबोल्याबद्दल स्वतःला खात बसणार. पास झाला म्हणावं, तर तिचं घर उगाच फुटलं. पाकीट हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. मनातल्या मनात पप्पांना म्हणाले, अहो, निदान ह्यातून तरी मला सोडवायचं होतं! मग खरं ते सांगून टाकलं.

आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"नामदेवला ह्यांनीच शिकवलंय. तो चुकीचं कसं टाकेल? ह्यांनी किती शिकवलंय ते सगळ्यांना कळलं, ह्यांनाच तेवढं कळलं नाही."

मग ती उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर आली. नामदेव उठून उभे राहिले.

"पुढचा स्लॅब तुम्हीच टाका," आई त्यांना म्हणाली. "आमच्यातलं कुणी बघायला येणार नाही."

आणि आम्ही गेलो नाही.