वेळेवरचा उजेड

तरसालीत आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. युनिव्हर्सिटीत काचेच्या टाकीत पोवळी वाढवून त्यांच्यावर संशोधन करतात. जिन्यात भेटल्या की ‘केम छो’ नाही, ‘कशा आहात’ नाही, थेट विचारतात, “झोप झाली का?” मला चीड यायची. माझ्या झोपेशी यांचं काय काम?

एकदा मी पोवळ्यांबद्दल विचारलं, तर पिशवी पायरीवर ठेवून सांगायला लागल्या. “पोवळ्याच्या सांगाड्यावर रोज एक बारीक थर चढतो. त्याचं आतलं घड्याळ असतं. अंधारात ठेवलं तरी थोडे दिवस चालतं, मग बिचारं भरकटतं. वेळेवर उजेड दिला की परत ताळ्यावर येतं. चालो, आवजो.” आणि पिशवी उचलून गेल्यासुद्धा.

गेल्या महिन्यात खंडेराव मार्केटातून आणलेली पापडी द्यायला मी सकाळी वर गेले. त्यांचे वडील, नाना, खुर्चीत बसले होते आणि डोक्यावर पांढराफटक दिवा जळत होता.

“टाकीवर लावतो तसलाच आणलाय,” बाई म्हणाल्या. “नाना दिवसा झोपतात, रात्रभर घरात फिरतात.”

नानांना जागं ठेवायला त्या मोठ्यानं पेपर वाचत होत्या. वाचता वाचता त्यांचाच डोळा लागत होता.

परवा त्या जिन्यात दिसल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच विचारलं, “झोप झाली का?”

“कुणाची?” त्या म्हणाल्या.