कात्रजच्या गॅलरीत बसलेला दिनू

दिनू झोपेत गेला, हे त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, "नक्की झोपेतच ना गं?" राग मानू नका, पण शनिवार पेठेत कुणाचाच यावर विश्वास बसेना. तीस वर्षं कबड्डीचे सामने बघायला गेलेला आणि एकाही सामन्याहून धड शर्टानिशी परत न आलेला माणूस. हा गेला तर विटेनंच जाईल, अशी आमची खात्री होती. स्वतः तो आयुष्यात एकदाही मैदानात उतरला नाही. निव्वळ प्रेक्षक म्हणून त्याच्या बरगड्या मोडल्या, मनगट मोडलं. नाक तर इतक्यांदा बसवलं होतं, की शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता कुठल्या बाजूला हवंय, ते तुम्हीच सांगा."

आम्ही पेठेतल्या संघाचे आणि आमचं वैर कात्रजच्या संघाशी. का, ते कुणालाच माहीत नाही. विचारणाऱ्यालाही मार बसायचा. कात्रजचा खेळाडू चढाईला आला, की दिनू फळ्यांच्या गॅलरीत उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "पाय मोडा त्याचा!" ती आरोळी पार वारज्यापर्यंत जायची आणि तिथली म्हातारी माणसं घाबरून पाय जवळ घ्यायची. एकदा पंचांनी त्यांना गुण दिला म्हणून मारायला यानं बसायची फळी उपसली. त्या फळीवर आम्ही सगळे बसलो होतो, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

मग त्याची मुलगी ऋतुजा कबड्डी खेळायला लागली. आमच्याकडे मुलींचा संघ नव्हता. तो सुरू करा म्हणून सांगायला दिनू संघाचे कार्यवाह नाना यांच्याकडे गेला. मी बरोबर होतो. नाना पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मुलींची सोय कात्रजला आहे, दिनकरराव. सर्पोद्यानाच्या शेजारी." आणि ऋतुजा खरोखरच कात्रजकडून खेळायला लागली.

पुढच्या स्पर्धेत कात्रजच्या मुलींचा सामना वारज्याशी होता. दिनू सवयीनं आमच्यातच बसला. ऋतुजा चढाईला गेली आणि आमच्यातूनच, नानांचा पुतण्या बंटी ओरडला, "पाय मोडा तिचा!" आरोळी दिनूचीच, हेलसुद्धा त्याचाच. मी दिनूकडे बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता... मग त्यानं बंटीला पट्ट्याला धरून उचललं आणि गॅलरीवरून खाली सोडून दिलं. बंटी भेळेच्या गाडीवर पडला, चुरमुऱ्यांनी वाचवलं. तोवर आमच्याच लोकांनी दिनूला आडवा केला, कुणीतरी खुर्ची घातली, भुवई फाटली. तो उठला, मैदानाला वळसा घालून, रक्त गाळत थेट कात्रजच्या गॅलरीसमोर जाऊन उभा राहिला. समोरची सगळी गॅलरी बाह्या सरसावून उठली. दिनू म्हणाला, "सरका जरा. माझी मुलगी खेळतीये."

ते सरकले.

त्या दिवसापासून तो जाईपर्यंत, दोन वर्षं, पेठेनं त्याला टाकला. कोजागिरीला बोलावणं नाही, रस्त्यात नमस्कार नाही. ऋतुजाचा एकही सामना तो चुकवत नसे, पण कात्रजच्या गॅलरीत बसायचा तो इतका गप्प, की शेजारच्यांना वाटायचं, बिचारा मुका आहे. मला भेटला की मात्र हळूच विचारायचा, "नाना काही म्हणतात का रे माझ्याबद्दल?"

"विचारत होते परवा."

"काय?"

"मेला का, म्हणून."

तेवढ्यावर स्वारी आठवडाभर खूश! त्याला फक्त एकदा आपल्या फळीवर परत बसायचं होतं. कुणीतरी 'ये' म्हणायला हवं होतं... तेवढं राहिलं.

तो गेल्यावर महिन्याभरानं स्पर्धा आली. कात्रजच्या मुली मैदानात रांगेत उभ्या, मध्ये ऋतुजा. माइकवरून घोषणा झाली, "कात्रज संघाचे निष्ठावंत पाठीराखे दिनकरराव यांना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं शांतता." सगळे उठले. कबड्डीच्या मैदानावर एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती... ती अर्ध्या मिनिटात संपली. काठी टेकत उभे असलेले नाना गरजले, "अहो माइकवाले! कात्रजचा कोण? दिनू आमचा!"

पलीकडून अत्यंत नम्र आवाज आला, "मग नाना, दोन वर्षं आपण परगावी होतात का?"

नानांनी काठी भिरकावली. पहिली चप्पल कुणाची, यावर अजून मतभेद आहेत. मग खुर्च्या उडाल्या, बांबू उपसले गेले, मंडप एका अंगावर बसला. "आमचा!" "अहो, आमचा!" म्हणत माणसं एकमेकांची टाळकी फोडत होती, सगळ्यात पुढे बंटी. ऋतुजा मात्र जागची हलली नाही. नानांच्या गर्जनेबरोबर तिनं खाली घातलेली मान वर केली होती आणि आता ती जर्सीच्या बाहीनं डोळे पुसत आमच्या गॅलरीकडे एकटक बघत होती...

हे मी डोळे भरून पाहत असतानाच कात्रजच्या एका सद्गृहस्थांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि समोरचा दात गेला. सूनबाई म्हणते, "बाबा, बसवून घ्या, वाईट दिसतं." नाही बसवणार. सकाळी चहाचा पहिला घोट त्या खिंडीत झोंबला, की मी दिनूसारखी, बेंबीच्या देठापासून एक सणसणीत शिवी हासडतो. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या धडाधड उघडतात... मग मी उरलेला चहा निवांत पितो.