कथलाचा डाग

मी तोंडातून नुकताच काढलेला चमचा मालकांनी सांडशीत धरला आणि पॉलिशवाल्या दगडूमामांपुढं केला. "हा विस्तवातून काढून आण. पाहुणे यायच्या आत."

मी समोरच उभा होतो. ओठाला अजून वरण लागलेलं.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. सातपूरला चमचे आणि डाव बनवणाऱ्या कारखान्यात मी डिझायनर होतो. मुंबईला धातुकाम शिकून आलेला, तिथला एकटाच. चमचा कागदावर कळत नाही. कड ओठाला बोचते का, वाटीत शेवटचा घोट अडकून राहतो का, हे जीभ सांगते. म्हणून नमुना तयार झाला की मी माझा डबा उघडायचो आणि त्यानंच जेवून बघायचो. त्या दिवशी मालक नेमके तेव्हाच आत आले.

तीन महिने मी त्या एका चमच्यावर घालवले होते. स्टीलची वाटी, पितळी दांडा, मध्ये कथलाचा डाग. आमच्या धंद्यात सांध्याला डागच म्हणतात. नमुन्यापुरतं कथील चालतं. त्या दिवशी येणाऱ्या मुंबईच्या हॉटेलवाल्यांना तो पसंत पडला असता, तर ड्रॉइंगचा सगळा विभाग माझ्या हाती येणार होता.

दगडूमामा माझ्याच गावचे, सायखेड्याचे. ते घुटमळले. "मालक, कथलाचा डाग हाय त्यो. सुटंल."

"नुसता विस्तव दाखव. पाहुणे त्यानं खाऊन बघणार आहेत. कळत नाही का तुला?"

धुवा म्हणाले असते तर मी हूं का चूं केलं नसतं. कुणाच्याही तोंडातला चमचा धुवायलाच हवा. पण पाणी सगळ्यांसाठी, विस्तव फक्त आमच्यासाठी.

मला तो विस्तव माहीत होता. लहानपणी गावात आईचा हात चुकून पाटलीणबाईंच्या तांब्याला लागला होता. बाईंनी तो तिच्यादेखत चुलीत घातला. तांब्याला काही झालं नाही. तांबं सोसतं. आईनंही सोसलं, वर हात जोडले. मला तिचा राग आला होता. आणि आता शिकलासवरलेला मी, इस्त्रीचा शर्ट घालून, तसाच गप्प उभा होतो.

कथील सोसत नाही. दगडूमामा परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात दांडा होता, दुसऱ्यात वाटी. आणि पाहुणे दारात.

"हे काय?" पाहुण्यांनी विचारलं.

मालक हसले. "आमच्या डिझायनरचा हात जरा कच्चा आहे. काय रे, डाग नीट भरला नव्हतास ना? सांग साहेबांना."

हो म्हटलं की नोकरी राहणार होती. लाज वाटते सांगायला, पण 'हो' माझ्या ओठांपर्यंत आला होता. कारखान्यात चमचे करता करता मी मालकांचा चमचा व्हायला निघालो होतो.

"डाग पक्का होता," मी म्हणालो. "मालकांनी चमचा भट्टीत घालायला लावला. तो मी तोंडात घातला होता म्हणून."

"म्हणजे?"

"मी बौद्ध आहे."

पाहुण्यांनी घड्याळाकडं बघितलं. "हे तुमचं आपसातलं. आपण कामाचं बोलू."

मालक मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

दगडूमामांनी दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. मान खाली घालून. मला त्यांचाही राग आला. अजून आहे. डाग सुटणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी सांडशी त्यांनी हातात घेतलीच.

त्याला आठ वर्षं झाली. अंबडला माझं पत्र्याचं वर्कशॉप आहे. नवा नमुना झाला की गिऱ्हाइकाला समोर बसवतो, डबा उघडतो आणि पहिला घास मी खातो. मग साबणानं चमचा धुतो आणि पुढं करतो. काहींचा हात मागं जातो. त्यांचं काम मी घेत नाही, कितीही मोठं असो.

ते दोन तुकडे टेबलावरच आहेत. येणारा प्रत्येकजण विचारतो, हा तुटला कसा? मी सांगतो. मालकांचं नाव घेऊन सांगतो. डाग द्यायला मला पाच मिनिटं पुरतील. देणार नाही.