तात्यांचं नाक

"उचला!"

एवढा एकच शब्द. कॅनचं झाकण उघडायचं, वाकून एक श्वास घ्यायचा आणि मान अशी झटक्यानं फिरवायची, की जणू आतून कुणी शिवीच हासडली असावी. मग म्हणायचं, "उचला." म्हणजे दूध नासलंय, आल्या वाटेनं परत न्या. त्यावर अपील नव्हतं.

नव्वदच्या दशकात बारामतीजवळच्या एका डेअरीत मी केमिस्ट होतो, आणि हे गृहस्थ डॉकवर, म्हणजे दूध उतरवून घ्यायच्या फलाटावर, वास घ्यायला होते. पणदऱ्याचा टेम्पो असो की लोणी भापकरचा, प्रत्येक कॅन आधी त्यांच्या नाकाखालून जायचा, मग माझ्याकडे नमुना यायचा. तोंडावर सगळे त्यांना तात्या म्हणत, पाठीमागे नुसतं 'नाक'. "नाक आलं का?" "नाक आज तापलंय." तात्यांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तुम्ही म्हणाल, वास घ्यायचीही नोकरी असते? असते. आणि त्या डेअरीत ज्याला नाक होतं त्याचे हाल कुत्रा खात नव्हता. आंबलेल्या दुधाची गटारं, न धुतलेल्या कॅनची बुरशी, वारा फिरला की साखर कारखान्याकडून येणारी मळीची घाण. मी मुळात चिडका. रुमाल नाकाला लावून शिव्या देत फिरायचो. तात्या मात्र प्रत्येक घाण भावकीतल्या माणसासारखी ओळखायचे. "ही गंजक्या कॅनची. ह्या म्हशीनं कांद्याची पात खाल्लीया. ह्यो म्हातारा दुधाच्या बादलीत हात धुतोय."

नाक मुरडणं हा त्यांचा स्वभावच होऊन बसला होता. लग्नात पंगतीला बसले की पत्रावळीवर वाकायचे आणि शेजारच्याचीही भूक मारायचे. "तेल जुनं हाय." एकदा सत्यनारायणाच्या शिऱ्यावरून मान फिरवून त्यांनी सवयीनं "उचला" म्हटलं, तर भटजीच पूजा आटोपती घेऊन उठले. घरी त्यांच्या बायकोनं, काकींनी, केलेली एकही भाजी त्यांच्या नाकाला कधी उतरली नाही. "ह्यांनी झाकणाला हात घातला की माझ्या पोटात गोळा येतोय बघा, साहेब," काकी मला म्हणाल्या होत्या. मला त्या बाईची दया यायची आणि तात्यांचा राग.

एका हिवाळ्यात तात्यांनी पास केलेलं दूध माझ्याकडे उकळताच फाटायला लागलं. आधी मी दूध थंड करण्याच्या यंत्राला दोष दिला, मग कॅन धुणाऱ्यांना. शेवटी एक अख्खी टाकी नासली. ती गटारात सोडली तेव्हा जो काही वास सुटला, तो आठवला तरी अजून माझ्या घशाशी येतं. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तात्यांचं नाक म्हातारं झालं वाटतं. आपली सहल होऊ द्या, मग बघू त्यांचं."

'बघू' म्हणजे काय ते सगळ्या डेअरीला माहीत होतं. डॉकवरून काढायचं आणि कॅन धुण्यावर टाकायचं. ज्या गवळ्यांना जन्मभर 'उचला' म्हटलं, त्यांच्यासमोर त्यांचेच कॅन घासत बसायचं. तात्यांच्या कानावर ते गेलं असावं. त्या आठवड्यात त्यांची मान नेहमीपेक्षा जोरात फिरत होती आणि चांगली दुधंही परत जात होती.

सहल या शब्दाचीच मला शिसारी आहे. रोज ज्यांची तोंडं पाहून वीट आलेला असतो, त्यांनाच रविवारी टोपी घालून पाहायचं. मॅनेजरांच्या ओळखीचे पुण्याचे एक निवृत्त फौजी उजनी धरणाच्या फुगवट्यावर लोकांना कसल्याशा नावेत बसवून बेटावर न्यायचे. डॉकवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं गेलं: रविवारी भिगवण, कायाकमधून बेटावर.

तात्या फळ्यासमोर उभे राहिले. "काहिलीतनं न्हेत्यात? गुळाच्या?"

गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची ती पसरट लोखंडी कढई, तिला काहील म्हणतात. तात्यांचं लहानपण भीमेकाठी गेलेलं. तेव्हा नदी चढली की लोक गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडायचे आणि तीत बसून पैलतीर गाठायचे. "माणसं बसायची, शेरडं बसायची. आन वास काय सांगू साहेब, गुळाचा! पाण्यात किती बी भिजू द्या, काहिलीचा वास जात न्हाय." एरवी सहलीला नाक मुरडणारा हा माणूस त्या एका शब्दापायी यायला तयार झाला. गंमत पाहायची म्हणून कुणीही त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

रविवारी काठावर नारिंगी प्लास्टिकच्या लांबट, अरुंद नावा उलट्या घालून ठेवल्या होत्या. तात्यांचा चेहरा पडला. "ही काहील व्हय? ही तर गव्हाण हाय!"

पाण्यावर हिरवी साय धरली होती. साऱ्या पुण्याची मोरी धुऊन येते ती इथं, हे पाहूनच कळत होतं. मी नाकाला रुमाल बांधला. फौजी इंग्रजीत ओरडत होते, मॅनेजर काही न कळता "येस, येस" म्हणत होते. तेवढ्यात तात्यांनी वाकून त्या पाण्याची ओंजळ घेतली आणि सावकाश तोंड धुतलं. डेअरीच्या नळाचं पाणी वास मारतं म्हणून घरून तांब्या आणणारा माणूस तो! मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो.

कुणालाच आम्हा दोघांपैकी एकाच्याही शेजारी बसायचं नव्हतं, म्हणून आम्ही एका नावेत आलो. तात्या पुढं, मी मागं. ऊन मात्र छान होतं, हे कबूल करायला हवं. थंडीतलं, पाठीवर हात फिरवणारं. उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते. आमच्या अकाउंटंटनं टाळ्या पिटून ते सगळे उडवून दिले आणि दात काढून हसला.

बेट म्हणजे एका बुडालेल्या टेकडीचा माथा. मुरूम, बाभळी आणि ऊन. किनाऱ्याला सतरंज्या पसरून आम्ही डबे उघडले आणि वारा फिरला. बाभळीमागं कुणी तरी सडक्या चिलापी माशांचा ढीग ओतून ठेवला होता. पुढचं वर्णन करत नाही. मॅनेजर तोंडातला घास थुंकून पळाले, अकाउंटंट पाण्यात ओकला, मी शर्ट डोक्यावरून ओढून पार दुसऱ्या टोकाला गेलो.

तिथून मागं पाहिलं. तात्या एकटेच सतरंजीवर बसले होते. ढीग त्यांच्या पाठीशी, दगड फेकला तर लागेल इतका जवळ. उन्हाकडं तोंड करून ते ठेचा-भाकरी खात होते, शांतपणे.

"तात्या!" मॅनेजर लांबून ओरडले. "वास येत नाही का तुम्हाला?"

तात्यांनी वर पाहिलं. आमचे रुमाल, आमचे चेहरे पाहिले. मग भाकरी खाली ठेवून त्यांनी मान झटक्यानं फिरवली. "श्शी! उचला, उचला!"

मान भलत्याच बाजूला, ढिगाकडंच, फिरली होती. लोक पोट धरधरून हसले. नाक सुट्टीवर गेलं, म्हणाले. त्यांना ती तात्यांची गंमत वाटली. मला त्या घटकेला माशांपेक्षा त्या हसणाऱ्या तोंडांची किळस आली.

परतताना तात्या पुन्हा पुढं, मी मागं. मला त्यांची मान तेवढी दिसत होती.

"कधीपासून, तात्या?"

वल्हं थांबलं. "दिवाळीत सर्दी झाली. सर्दी गेली, ती नाक घिऊनच गेली."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दावलं. म्हणला, यील, न यील बी."

"काकींना?"

"कुणाला न्हाय. तुमी बी सांगू नगा." थोडं अंतर गेल्यावर ते मान न वळवता म्हणाले, "साहेब, त्यो वास कसला हुता?"

"कुठला?"

"माशांचा वो. सांगा की."

मला तो वास पुन्हा आठवायचाही नव्हता. तरी सांगितलं. आधी नाकात मिरचीसारखं झोंबतं, म्हणालो. मग घशात जुन्या ताकाची आंबूस पुटं चढतात. ओली चप्पल बंद खोलीत ठेवल्यासारखं काही तरी.

"मागनं गोड लागतोय?"

मी आठवून पाहिलं. "हो. कुजक्या पेरूसारखा."

"व्हय, व्हय!" ते एकदम म्हणाले. "चिलापी गोडच सडती. आजून सांगा."

आणि मी सांगत राहिलो. ज्या घाणीपासून जन्मभर पळालो, तिचं मी त्या उन्हात जीव लावून वर्णन करत होतो, आणि पुढं बसलेला माणूस भुकेल्यासारखा ऐकत होता. काठ जवळ आला तेव्हा त्यांनी वाकून नावेला नाक लावलं.

"हिला कसला?"

"प्लास्टिकचा."

"मग ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून मॅनेजरांकडं गेले. गुडघे धरलेत, उभं राहवत नाही, मला स्टोअरमध्ये बसवा, म्हणाले. मॅनेजरांना तेवढंच हवं होतं. डॉकवर नवा माणूस आला. तो झाकण उघडून नुसतं "ओके" म्हणायचा. तात्या मात्र दुपारी माझ्या दारात येऊन उभे राहायचे. "आज कसला?" मी हातातलं काम टाकून त्यांना दिवसातली सगळ्यात वाईट घाण सांगायचो. खरं सांगतो, त्यांच्यासाठी मी मुद्दाम गटारापर्यंत जाऊन यायला लागलो.

निवृत्त होऊन ते निमगाव केतकीला आपल्या घरी राहायला गेले. मीही पुढं डेअरी सोडली. ते गेल्याचं कळलं ते उशिरा. भेटायला गेलो, तर काकी जेवल्याशिवाय सोडेनात. चुलीवर पातेलं होतं.

"एक बोलू का, साहेब? जलमभर माझ्या सैपाकाला ह्यांनी नाक मुरडलं. आन शेवटच्या वरसांत काय झालं कुणास ठावं. रोज झाकण उचलायचं, वाकायचं आन म्हणायचं, झ्याक वास सुटलाय गं. एक दिस चुकलं न्हाय." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मला वाटलं, उशिरानं का व्हईना, माझ्या हाताला गुण आला."

माझ्या ओठांवर आलं होतं. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

काकींनी पातेल्याचं झाकण काढून माझ्यापुढं धरलं. आमटी बुडाला लागली होती. करपट भपका थेट डोक्यात गेला.

"बरा सुटलाय न्हवं वास?"

मी वाकलो, एक श्वास घेतला आणि मान जागच्या जागी धरून ठेवली.

"झ्याक," म्हणालो.